वडापच्या पायरीचा प्रश्न

(टेंभुर्णी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



ऊसदर, वीजबिल आणि उजनीचे पाणी हे आपले नेहमीचे विषय बाजूस ठेवून मी आज वडापच्या गाड्यांविषयी बोलणार आहे. हे ऐकून आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यांवर उमटलेले आश्चर्य मला येथून दिसते आहे. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने मोठ्या प्रश्नांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. परंतु एखाद्या समाजाची वितरणव्यवस्था कशी आहे, हे अंदाजपत्रकापेक्षा त्याच्या वाहनतळावर अधिक स्पष्ट दिसते, असे माझे मत झाले आहे. आणि टेंभुर्णी हे गाव तर वाहनतळावरच वाढलेले आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरून पंढरपूर, कुर्डुवाडी, अकलूज इकडे जाणारे रस्ते येथे फुटतात. येथे गाडी बदलल्यावाचून या टापूतील माणसाला फारसे कोठे जाता येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी या तालुक्यातील एका गावी राहतो. उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तेव्हापासून तो चाकांच्या खुर्चीत आहे. गेल्या उन्हाळ्यात प्रमाणपत्राच्या कामासाठी त्याला सोलापूरला जावयाचे होते, म्हणून मी सोबत गेलो. अड्ड्यावर तीन गाड्यांनी आम्हांला नकार दिला. चौथ्याने होकार दिला तो तीन आसनांच्या भाड्यावर. त्याला दोघांनी काखेत धरून पोत्यासारखे आत चढविले. खुर्ची टपावर दोरीने बांधली. जवळजवळ नव्वद किलोमीटर तो मधल्या बाकावर दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन बसला होता. सोलापुरात उतरताना खुर्चीचे एक पाऊलदान वाकले असल्याचे आढळले. त्याने तक्रार केली नाही. तो केवळ म्हणाला, "सर, पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका, तुम्हांला त्रास होतो." त्याच्या त्रासाचा उल्लेख त्यात नव्हता, हे मला फार लागले.

परतल्यावर मी नकार देणाऱ्यांपैकी एका चालकाला गाठले. रागावून नव्हे, समजून घेण्यासाठी. त्याने जे सांगितले ते येथे त्याच्याच शब्दांत सांगतो. "सर, खुर्ची टपावर टाकायची, त्येला उचलून बसवायचं, धा मिंटं जात्यात. तेवढ्यात मागची गाडी नंबर मारती. माझा हप्ता कोन भरनार?" मित्रहो, या उत्तराला निष्ठुरपणा म्हणून मोकळे होता येणार नाही. हा चालक आपल्याच वर्गातला आहे. त्याच्या गाडीवर पतसंस्थेचे कर्ज आहे, गाडी भरल्याखेरीज त्याचे डिझेल सुटत नाही. म्हणजे एका बाजूस ज्याचा हक्क डावलला जातो तो श्रमिक आणि दुसऱ्या बाजूस तो डावलणाराही श्रमिक. अशा प्रसंगी आपल्या चळवळीला बहुधा गप्प बसणे सोयीचे वाटते. आजचा विषय मी निवडला तो या गप्प बसण्यामुळेच.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात वाहतुकीच्या प्रश्नाला स्पर्श होता, परंतु आगगाडीचे डबे, बसगाड्या, जहाजे आणि विमाने यांचाच विचार त्यात झाला आणि तोही 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या पळवाटेसह. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. (शब्द बदलला, गाडीची पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली.) या अधिनियमाचे ४१ वे कलम सर्व प्रकारची वाहतूक साधने अपंगांना वापरता यावीत, जुन्या साधनांतही फेरबदल व्हावेत, असे सांगते. 'सर्व प्रकारची' या शब्दांत आपली वडापही आली. परंतु त्याच वाक्यात पुढे अटी आहेत: तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तर, सुरक्षित असेल तर, आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य असेल तर, रचनेत मोठे बदल करावे लागणार नसतील तर. एवढ्या 'तर' नंतर हक्काचे काय उरते, हे आपणच ठरवा.

बसगाड्यांच्या बाबतीत थोडी प्रगती झाली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन १ मार्च २०२० पासून नव्या बसगाड्यांत राखीव आसने, कुबड्या ठेवण्याची सोय, धरावयाचे दांडे, चाकांची खुर्ची आत घेण्याची व बांधून ठेवण्याची व्यवस्था इत्यादी गोष्टी आवश्यक ठरल्या. टॅक्सी, रिक्षा आणि जीपगाड्या यांना ही दुरुस्ती लागू नाही. आणि ग्रामीण भागातला माणूस घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोहोचतो तो याच गाड्यांतून. मधली कडीच निखळलेली असेल तर दोन्ही टोके कितीही चांगली असून उपयोग काय?

येथे एस.टी.च्या सवलतीचाही विचार केला पाहिजे. आपल्या राज्यात अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ती मिळाली याचे श्रेय ज्यांनी लढे दिले त्यांना आहे आणि ती टिकलीच पाहिजे. परंतु चढताच न येणाऱ्या माणसाला चढण्याची किंमत कमी करून देणे, हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठा विचित्र व्यवहार आहे. अमर्त्य सेन यांनी अपंगत्वाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. एक, मिळकत कमी होते. दुसरी, मिळालेल्या मिळकतीचे प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर करण्यास इतरांपेक्षा अधिक पैसा लागतो. पहिल्या बाजूकडे शासनाचे थोडेफार लक्ष आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले व अपंगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. दुसरी बाजू मोकळीच आहे. अनुदान आणावयास तालुक्याला जाण्यासाठी स्वतंत्र गाडी ठरवावी लागली, तर त्या अनुदानातील किती रक्कम पुन्हा रस्त्यावरच खर्च होते, याचा हिशेब प्रत्येक अपंगाच्या घरी तोंडपाठ असतो.

आता परवान्याकडे वळू. खरा मुद्दा तेथे आहे. आपण परवाना म्हणजे एक कागद समजतो. वस्तुतः रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर भाड्याने माणसे वाहून नेण्याचा अधिकार शासन परवान्याद्वारे देते. जो अधिकार समाज देतो, त्यावर अटी घालण्याचाही अधिकार समाजाला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ७४ व्या कलमाखाली कंत्राटी वाहनाच्या परवान्यास अटी जोडता येतात. अशा अटी जोडल्याही जातात. गाडीचा रंग ठरतो, भाडे ठरते, चालकाला बिल्ला लागतो. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येणे आवश्यक करण्याचा प्रयत्न आपल्या राज्यात २०१६ मध्ये झाला होता; २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. स्त्रियांसाठी काही परवाने राखून ठेवण्याचा निर्णयही त्याच सुमारास झाला. म्हणजे परवाना हे सामाजिक धोरणाचे साधन होऊ शकते, हे शासनाला माहीत आहे. त्या साधनाचा उपयोग चाकांच्या खुर्चीसाठी करावा, यासाठी मात्र कोणी मोर्चा काढला नाही. आपणही काढला नाही.

लंडनचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्या शहरातील काळ्या टॅक्सींना १९८९ पासून नवा परवाना देताना गाडीत चाकांची खुर्ची जाईल अशी रचना असणे आवश्यक करण्यात आले आणि १ जानेवारी २००० पासून ती अट प्रत्येक टॅक्सीस लागू झाली. मधल्या अकरा वर्षांत जुन्या गाड्या आपापल्या वयाने बाद होत गेल्या. कोणाची गाडी एका रात्रीत भंगारात काढावी लागली नाही. यासाठी कोणतेही अद्भुत तंत्र लागले नाही. परवान्याची तारीख आणि गाडीचे वय यांची सांगड घातली, एवढेच. पुढे ६ एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये चालकाचीही कर्तव्ये ठरली. स्थानिक परवाना अधिकाऱ्यांनी खुर्चीस योग्य म्हणून यादीत नोंदविलेल्या गाडीचा चालक खुर्चीतील उतारूला नाकारू शकत नाही, त्याने चढ-उतारास मदत केली पाहिजे आणि त्याबद्दल एक पैसाही अधिक घेता कामा नये. मोडल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड. ज्या चालकाला पाठीचे वगैरे दुखणे आहे त्याला सूट मिळते, हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या कायद्याने ही कर्तव्ये आणखी विस्तारली.

तथापि केवळ लंडनकडे पाहून हुरळून जाणे बरे नव्हे. त्याच इंग्लंडच्या ग्रामीण भागात खुर्ची जाईल अशा टॅक्सींचे प्रमाण फारच थोडे आहे. परवाना दुर्मिळ आणि मोलाचा असेल, तेथे त्याच्या बदल्यात समाजाला काही मागता येते. जेथे गाडीवाल्याला आधीच पुरेसे उतारू मिळत नाहीत तेथे नुसती अट घातली, तर तो धंदा सोडतो किंवा परवान्याशिवाय चालवितो. आपल्याकडे परवान्याशिवाय चालविणे म्हणजे काय, हे या सभेत मी समजावून सांगण्याची गरज नाही. वडापचा बराचसा व्यवहार कंत्राटी परवान्यावर टप्पा वाहतूक करण्याचा, म्हणजे कायद्याच्या कुंपणाबाहेरचा आहे. शिवाय महाराष्ट्र शासनाने जून २०१७ मध्ये रिक्षा परवान्यांवरील संख्येची मर्यादा उठविली. त्यामागची कारणे काहीही असोत, परवाना दुर्मिळ होता तोवर त्याच्या बदल्यात जे मागून घेता आले असते, ते मागण्याची संधी आपण गमावली, हे उघड आहे.

मग खर्च कोणी सोसावा? 'आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य' या शब्दांना मी नेहमी एकच प्रश्न विचारतो: कोणासाठी व्यवहार्य? एकट्या चालकाच्या वहीत पाहिले, तर खुर्चीची सोय तोट्याचीच दिसणार. गाडीची जमीन खाली घ्यावी लागते, मागचा दरवाजा रुंद करावा लागतो, दुमडता येणारी उतरण बसवावी लागते, खुर्ची चार ठिकाणी जमिनीशी बांधण्याचे पट्टे लागतात. इमारतीतील उतरणीचा चढ एकास बारा असावा, असा नियम आहे. तो हिशेब गाडीला लावा. गाडीची जमीन रस्त्यापासून ६० सेंटीमीटर उंच धरली, तर ७ मीटर २० सेंटीमीटर लांबीची फळी लागेल! मागून ढकलणारा मनुष्य असेल तर चढ अधिक तीव्र चालतो. तरीही उंच जीपला केवळ फळी लावून हा प्रश्न सुटत नाही, गाडीची घडणच बदलावी लागते. आणि दोन-तीन आसने कमी होतात ती वेगळीच.

न्यूयॉर्क शहराने या खर्चाची एक वाट काढली. २०१५ पासून तेथील टॅक्सीच्या प्रत्येक फेरीवर ३० सेंट अधिभार बसविण्यात आला आणि त्या निधीतून खुर्चीयोग्य गाडी घेणाऱ्या मालकांना व ती चालविणाऱ्यांना साहाय्य देण्यात येऊ लागले. म्हणजे चालणाऱ्या लक्षावधी उतारूंनी प्रत्येकी काही पैसे दिले आणि न चालू शकणाऱ्यांचा खर्च सर्वांत विभागला गेला. निम्म्या टॅक्सी २०२० पर्यंत खुर्चीयोग्य करण्याचे त्या शहराने २०१३ मध्ये मान्य केले होते. ती मुदत पाळली गेली नाही व प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले, हा त्या गोष्टीचा उत्तरार्ध आहे.

परंतु ही कल्पना शिकण्यासाठी आपल्याला अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. ज्या हमालाला निश्चित मालक नव्हता, त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचा व रजेचा भार कोणा एका व्यापाऱ्यावर न टाकता मंडळामार्फत सर्व मालकांकडून मजुरीवर ठरावीक आकारणी करून उचलला गेला. डॉ. बाबा आढाव २०२५ च्या डिसेंबरात आपल्यातून गेले. त्यांनी हमाल पंचायत आणि रिक्षा पंचायत या दोन्ही उभ्या केल्या. एका बाजूस ओझे वाहणारा आणि दुसऱ्या बाजूस माणसे वाहणारा, या दोघांनाही संघटित करणाऱ्या त्या परंपरेत, ज्याला वाहून नेले जात नाही त्याचाही समावेश करणे अवघड वाटू नये. रिक्षा व टॅक्सीचालकांसाठी राज्याने २०२४ मध्ये कल्याणकारी मंडळ केले आहे. मोबाइलवरून गाड्या पुरविणाऱ्या कंपन्यांना २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना लागतो. त्यांच्या प्रत्येक फेरीवर अल्प आकारणी करून तो पैसा, जेथे त्या कंपन्या फिरकत नाहीत अशा टेंभुर्णीसारख्या ठिकाणी खर्च करण्यात गैर काय आहे?

माझ्या मनात येथे एक भीती आहे, ती लपवीत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने उपकर गोळा झाला आणि वर्षानुवर्षे त्यातील फार मोठी रक्कम न खर्चता पडून राहिली. निधी निर्माण करणे शासनाला आवडते. खर्च करण्याची त्याला घाई नसते. म्हणून हा पैसा मंडळाच्या तिजोरीत न साठता फेरीमागे चालकाच्या हाती पडला पाहिजे. खुर्चीतील उतारूला घेतलेल्या प्रत्येक फेरीची नोंद व्हावी आणि वाया गेलेल्या दहा मिनिटांचे आणि कमी झालेल्या आसनांचे पैसे चालकाला मिळावेत. 'माझा हप्ता कोण भरणार' या प्रश्नाला हेच उत्तर होऊ शकते. आणि ते दिल्यानंतरच नकाराबद्दल दंड करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोहोचतो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: मागणीच कोठे आहे? अड्ड्यावर वर्षाकाठी चाकांच्या खुर्च्या येतात तरी किती? मित्रहो, हा युक्तिवाद मी अर्थशास्त्राच्या पदवीधरांच्या तोंडूनही ऐकला आहे आणि त्याची मला लाज वाटते. ज्याला बाहेर पडताच येत नाही तो अड्ड्यावर मोजला जाणार कसा? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग नोंदले गेले. त्यांपैकी १ कोटी ८६ लक्ष, म्हणजे शेकडा ६९, ग्रामीण भागात होते. आपल्या राज्याचा आकडा साडेएकोणतीस लक्षांहून अधिक होता. देशातील ५४ लक्षांचे अपंगत्व हालचालीचे होते. ते सर्व खुर्चीत बसणारे नव्हेत, हे खरे. पण पक्षाघात झालेले वृद्ध, मांडीचे हाड मोडलेल्या आजीबाई, बाळंतपणानंतर घरी परतणारी स्त्री, यांपैकी अनेक जण त्या आकड्यात नाहीत आणि गाडीची पायरी त्यांनाही तेवढीच उंच आहे.

न्यायालयांनी या बाबतीत काही केले नाही, असे नाही. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी जो निकाल दिला, तो कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. २०१७ च्या नियमांतील पंधरावा नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा असून मूळ कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरविले आणि किमान काही मानके बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत करावेत, असे केंद्र शासनास सांगितले. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील अंतर न्यायालयाने ओळखले. ते अंतर टेंभुर्णीच्या अड्ड्यापर्यंत आणून पोहोचविणे मात्र न्यायालयाचे काम नव्हे.

आपण येथे काय करू शकतो? परिवहन प्राधिकरणापुढे जिल्ह्यातील चालक आणि अपंग यांनी एकत्र निवेदन न्यावे, अशी माझी सूचना आहे. स्वतंत्रपणे गेल्यास त्यांना एकमेकांविरुद्ध उभे केले जाईल. प्रत्येक मोठ्या अड्ड्यावर प्रथम एक, नंतर अधिक, अशा खुर्चीयोग्य गाड्या असाव्यात आणि अशा गाडीला नंबरात प्राधान्य असावे. नंबराचा नियम चालकांचा स्वतःचा असतो. त्यासाठी मुंबईच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ती वर्षाअखेर घाईघाईने वस्तू वाटण्यात संपते, असा आपला अनुभव आहे. पाच-सहा गावांनी मिळून त्यातून एखाद्या गाडीच्या फेरबदलाला हातभार लावला, तर त्या पैशाचे निदान काही चालते-फिरते फळ दिसेल.

पंढरपूर येथून फार दूर नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी तेथे उपोषण आरंभिले आणि दहा दिवसांत विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या पक्षाच्या प्रत्येक शिबिरात आपण ही गोष्ट सांगतो. परवा माझ्या त्याच विद्यार्थ्याला मी विचारले की, आषाढीला पंढरपूरला जाऊन किती वर्षे झाली? तो म्हणाला, "अपघातानंतर नाही. दार उघडं आहे सर, पण तिथवर न्यायला कुणी तयार नाही."

शेवटी एक तांत्रिक अडचण सांगतो, कारण निवेदनात ती आली नाही तर बाकीचे सारे अडकेल. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात 'रूपांतरित वाहन' अशी व्याख्या आली. तीत अपंग व्यक्तीने किंवा केवळ तिच्यासाठी वापरलेली गाडी, असे म्हटले आहे. म्हणजे ज्याच्यापाशी स्वतःची मोटार आहे त्याची सोय झाली. सकाळी दूधवाले, दुपारी विद्यार्थी आणि मधल्या वेळी चाकांची खुर्ची नेणारी आपली वडाप त्या व्याख्येत बसत नाही. आसने काढून खुर्चीला जागा केली तर नोंदणीपुस्तकात आसनसंख्या काय लिहावयाची, कर कशावर आकारावयाचा आणि पासिंगच्या वेळी निरीक्षकाने उतरण पाहून गाडी नापास केली तर दाद कोठे मागावयाची, हे मला त्या चालकानेच विचारले. मी त्याला त्याची गाडी घेऊन पुढच्या रविवारी याच ठिकाणी बोलाविले आहे. एक फूटपट्टी आणि माझ्या विद्यार्थ्याची खुर्चीही तेथे असेल. ज्यांना मोटारदुरुस्तीचे ज्ञान आहे त्यांनी कृपया दहाच्या सुमारास यावे.